नाताळचे पाहुणे

डिसेंबरात जैनथच्या शिवारात कापसाची वेचणी चालू असते. तेलंगणातल्या आदिलाबादपासून वीसेक किलोमीटरवरचे हे मंडळाचे गाव. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, त्यामुळे इथल्या बाजारात तेलुगू, मराठी आणि गोंडी एका दमात कानावर पडतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून नवरा-बायको उजाडताच रानात उतरतात. ज्यांची मुले आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात आहेत त्यांना एक घोर कमी: पोरगे दोन वेळ जेवते आहे आणि पाटीशी आहे. आदिलाबादच्या पट्ट्यात घर सोडून संस्थेत राहणारे मूल म्हणजे बहुतेक वेळा हे. आई-बाप असलेले, त्यांना भेटायला सणाची वाट पाहणारे. ते अनाथ नाही, त्याचे घर गरीब आहे.

नेमक्या याच आठवड्यांत लंडन, मेलबर्न, न्यू जर्सीकडची काही माणसे सुटी टाकून पूर्वेकडची विमाने पकडत असतात. नाताळ अनाथ मुलांबरोबर घालवायचा, असा त्यांचा बेत असतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या सेवेचा चांगला धंदा झाला आहे: दोन किंवा चार आठवडे, राहणे-खाणे धरून अमुक रक्कम, मुलांशी खेळा, इंग्रजी शिकवा, जाताना प्रमाणपत्र घ्या. नेपाळ, कंबोडिया, केनिया ही त्याची मोठी ठाणी, भारतही आहेच. आणि हे सगळे गोरेच असतात असेही नाही. नाताळच्या सुटीत मायदेशी येणारी मराठी कुटुंबेही मुलांना घेऊन पुण्या-नागपुरातल्या एखाद्या बालगृहात दोन दिवस ‘सेवा’ करवून आणतात. अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जात तिचा उल्लेख होतो, हा भाग वेगळा. हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण मुलांच्या संस्थेत थोड्या दिवसांसाठी माया करायला जाणे हे चांगल्या हेतूनेही करू नये, असे माझे मत आहे. दुरून आलेल्या माणसाने जे द्यायचे ते मुलांजवळ कायम राहणाऱ्यांच्या हाती द्यावे.

आधी ‘अनाथ’ या शब्दाकडे पाहू. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २००९ मध्ये मांडलेला अंदाज असा की जगभरच्या अशा संस्थांतल्या दर पाच मुलांपैकी निदान चौघांची आई किंवा बाप, किंवा दोघेही, हयात आहेत. आपल्याकडे केंद्र सरकारने बालसंगोपन संस्थांची पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. साडेनऊ हजारांवर संस्था नोंदल्या गेल्या. त्यांत अनाथ मुले ४२ हजारांच्या आसपास, तर एकच पालक असलेली मुले १ लाख २० हजारांच्या घरात. म्हणजे एकटी पडलेली आई किंवा एकटा बाप ही अनाथपणाहून कितीतरी मोठी वाट आहे. कंबोडियाचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. तिथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत संस्थांची संख्या १५३ वरून २६९ वर गेली, म्हणजे पाऊणपटीने वाढली. या काळात युद्ध नव्हते, मोठी साथही नव्हती. वाढले होते ते पर्यटक. परदेशी पाहुण्याला अनाथ मूल हवे असते, त्यासाठी तो पैसे मोजतो, म्हणून कोणीतरी खेड्यात जाऊन गरीब आईला शाळेचे आमिष दाखवते आणि मूल घेऊन येते. मागणी तसा पुरवठा हा बाजाराचा नियम इथेही चुकला नाही. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या डिसेंबरात आपल्या अहवालात याला आधुनिक गुलामगिरीच्या चौकटीत आणून बसवले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही १८ डिसेंबर २०१९ रोजी, नाताळच्या आठवडाभर आधी, बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा पर्यटनाबद्दल आणि स्वयंसेवेबद्दल इशारा दिला.

पण मूल खरोखरच निराधार असेल तर? मग तर चार दिवसांची माया त्याला मिळू द्यावी, असे कोणीही म्हणेल. इथे जरा थांबले पाहिजे. अशा संस्थेत पाऊल टाकताच तीन-चार वर्षांचे एखादे मूल धावत येते, अनोळखी माणसाच्या कमरेला मिठी मारते, मांडीवर चढून बसते, हातातले घड्याळ चाचपते आणि ‘पुन्हा कधी येणार’ म्हणून विचारते. पाहुण्याचे डोळे भरून येतात. घरात वाढलेले त्याच वयाचे मूल मात्र अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जाते आणि तिथून एका डोळ्याने पाहते. आपण पहिल्याला लाघवी म्हणतो आणि दुसऱ्याला बुजरे. बालमानसशास्त्र उलटे सांगते: परक्याला चाचरणे हे निरोगी, कारण त्या मुलाला ‘आपले’ कोण हे पक्के ठाऊक आहे. दिसेल त्याला बिलगणे ही माणसे सतत बदलत राहिल्याची खूण आहे. रुमानियात २००० नंतर बुखारेस्टच्या सहा संस्थांतल्या १३६ तान्ह्या-लहानग्यांवर दीर्घ अभ्यास झाला. निम्मी मुले चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत दिली गेली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. घरात गेलेल्यांची बुद्धी, बोलणे, जीव लावण्याची ताकद सुधारली. दोन वर्षांचे व्हायच्या आत गेलेल्यांची सर्वांत जास्त. मुलाला एक माणूस लागते, रोज तेच. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा आणि नवा निरोप, असे वर्षभर चालले तर मुलाच्या वाट्याला येतात ते निरोपच.

‘म्हणजे प्रत्येक पाहुण्यावर संशय घ्यायचा का?’ असा प्रश्न रागाने विचारला जातो. माणसावर घेऊ नये, दारावर घ्यावा. गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्स मुलांचे एक ‘गुरुकुल’ चालवत होता. गावात त्याला मान होता, परदेशी पाहुण्यांची ये-जा होती. १९९१ मध्ये तो पकडला गेला तेव्हा छायाचित्रांचा ढीग सापडला आणि ती मुले कोणापुढे ठेवली जात होती ते उघड झाले. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईत ‘अँकरेज’ नावाचे निवारे रस्त्यावरच्या मुलांसाठी चालत. त्यांच्याशी संबंधित दोघा ब्रिटिशांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती रद्द केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. दोन्हीकडे गुन्हेगार भिंत फोडून शिरले नव्हते. ते दानशूर म्हणून समोरच्या दाराने आत होते. ज्या संस्थेत कोणीही मोठे माणूस सहज येऊन मुलांत मिसळू शकते, तिथे शंभरातले नव्व्याण्णव सज्जन मिळून शंभराव्यासाठी वाट मळून ठेवतात.

हे वाचून परदेशी लोकांवर बोट रोखणे सोपे आहे, पण आपले वाढदिवस आठवावेत. केक येतो, मुले रांगेत बसतात, पाठ केलेले गाणे होते, फळवाटप होते आणि संध्याकाळी मुलांच्या चेहऱ्यांसकट छायाचित्रे व्हॉट्सॲपवर फिरतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणे हा गुन्हा आहे, हे केक आणणाऱ्याच्या गावीही नसते. त्या मुलाचा स्वतःचा वाढदिवस कधी, हे तरी कितीजण विचारतात?

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. पाहुणे थांबले तर देणग्या थांबतील, आणि हाल होतील ते मुलांचेच. हे खोटे नाही. काही संस्था खरोखर प्रामाणिक आहेत आणि त्यांचा महिना कसाबसा निघतो. म्हणून दान थांबवा असे कोणी म्हणत नाही. दानाच्या बदल्यात मुलांपर्यंतचा प्रवेश मागू नका, एवढेच. शिवाय हिशेब करून पाहावा. डिसेंबरात परदेशातून येण्याजाण्याचे तिकीट लाखाच्या घरात जाते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत, मूल घरीच राहावे म्हणून विधवा किंवा टाकलेल्या आईला, अनाथ मुलाला सांभाळणाऱ्या नातलगाला दरमहा ४,००० रुपये साहाय्य आहे. एका तिकिटात एक मूल दोन वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या घरी राहते. जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत खासगी माणसालाही असे प्रायोजक होता येते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेची रक्कम २,२५० रुपये आहे. या योजनांचे पैसे वेळेवर येत नाहीत अशी ओरड असते आणि ती रास्त आहे. पण मग पाठपुरावा करायचा तो तिथे.

‘आमच्याकडे पैसा नाही, कौशल्य आहे,’ असे म्हणणाऱ्यांसाठी दूर जायला नको. उत्तर आदिलाबादच्याच मुलखात आहे. निजामाविरुद्ध उठलेला गोंड नेता कुमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या तक्रारी समजून घ्यायला क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादेत पाठवले. तो आणि त्याची बायको बेट्टी मार्लवाईत झोपडी बांधून राहिले. १९४३ मध्ये तिथे केंद्र निघाले ते मुलांना खेळवण्याचे नव्हे, गोंड तरुणांना मास्तर करण्याचे. पुस्तके गोंडी भाषेत काढली आणि लिपी घेतली देवनागरी, कारण इथल्या गोंडांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार मराठीतून चाले. मुलांसमोर उभा राहिला तो त्यांच्याच भाषेचा, त्यांच्याच डोंगरातला माणूस, आणि परदेशी माणूस मागे राहिला. त्याच्या मदतीत निजामी सत्तेची सावली होती, हे खरे; नोकरी सरकारचीच होती. पण त्याने शिकवलेल्यांना त्याच्या जाण्याने पोरके वाटण्याचे कारण नव्हते.

बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादला वारली. तिची समाधी मार्लवाईत आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारला, पण २०१२ मध्ये मुलाने त्याच्या अस्थी आणून तिच्याशेजारी ठेवल्या. दरवर्षी ११ जानेवारीला, बेट्टीच्या स्मृतिदिनी, नाताळचे पाहुणे आपापल्या देशी परतलेले असतात आणि जैनथच्या रानात शेवटची बोंडे वेचायची उरलेली असतात, तेव्हा आसपासच्या वाड्यांतले गोंड त्या समाधीपाशी जमतात.