कासचा सडा : पडीक नव्हे, फुलांचे आगर

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशाला वैशाखात कासचे पठार दिसले, तर तो तेथे क्षणभरही थांबणार नाही. काळपट तांबूस जांभ्याचा उघडा कातळ, त्याच्या खळग्यांत करपलेले गवत आणि कडेला वाऱ्याने खुरटलेली झुडपे, एवढेच तेथे दृष्टीस पडते. नांगराचा फाळ जेथे बोटभरही शिरणार नाही, अशा या जमिनीची गणना कोणताही शेतकरी पडीक जमिनीतच करील. परंतु तोच प्रवासी भाद्रपदात त्याच वाटेने गेला, तर त्याला ती जागा ओळखता येणार नाही. कातळ दिसेनासा झालेला असतो. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा आणि गेंदांचा पांढरा असे रंगांचे पट्टे दूरवर पसरलेले असतात, आणि ते पाहण्यासाठी दूरदूरच्या शहरांतून मोटारींची रांग लागलेली असते.

सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेला हा सडा आज महाराष्ट्रातील एक प्रमुख प्रेक्षणीय स्थळ आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांपैकी महाराष्ट्रातील ४ स्थळांत कोयना, चांदोली व राधानगरी यांच्या जोडीला कासचे पठार आहे. प्रेक्षणीय स्थळ म्हणून कासची वर्णने पुष्कळ झाली आहेत. शेतकरी व गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्या दृष्टीने मात्र कासची कथा वेगळ्याच कारणाने महत्त्वाची आहे. ज्या जमिनीला सर्वजण निरुपयोगी समजत आले, तिचे मोल तिच्या निकसपणातच आहे, आणि तिला सुधारण्याचा प्रयत्न म्हणजेच तिचा नाश होय, हा धडा येथे मिळतो.

सडा कसा घडला

सह्याद्रीचा हा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. मुसळधार पाऊस आणि त्यामागून येणारा कोरडा उन्हाळा यांचा क्रम लक्षावधी वर्षे चालत राहिला. पावसाच्या पाण्याबरोबर खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहून त्यांचा टणक थर बनला. हाच जांभा खडक. त्याच्या माथ्यावरील सपाट, उघड्या प्रदेशाला लोक सडा म्हणतात.

सड्यावर मातीचा थर नाममात्र असतो. कोठे दोन बोटे, कोठे चार बोटे, तर कोठे कातळाच्या भेगेत साचली असेल तेवढीच. ही माती आम्लधर्मी असून नत्र, स्फुरद व चुना या द्रव्यांच्या बाबतीत अत्यंत गरीब असते. पावसाळ्यात कातळावर पाणी साचून जमीन चिबड होते आणि पाऊस सरताच ती तितक्याच वेगाने कोरडी पडते. मोठ्या वृक्षांना येथे मुळे रोवता येत नाहीत. उंच व जोमदार गवतांनाही पोषण पुरत नाही. त्यामुळे अन्यत्र दांडग्या वनस्पतींच्या गर्दीत ज्यांचा टिकाव लागला नसता, अशा लहान वनस्पतींना येथे मोकळी जागा मिळते. कासच्या परिसरात ८५०च्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे, तिचे मूळ कारण हे आहे.

उपाशी जमिनीतील संसार

नत्रावाचून पीक पिवळे पडते हे प्रत्येक शेतकरी जाणतो. मग येथील वनस्पती नत्र आणतात कोठून? त्यांनी योजलेले उपाय पाहण्यासारखे आहेत.

दवबिंदू ही जमिनीलगत वाढणारी तांबूस वनस्पती. तिच्या पानांवर चिकट थेंब धारण करणारे केस असतात. दव समजून त्यावर बसलेला कीटक तेथेच अडकतो आणि पान त्याला पचवून त्यातील नत्र मिळवते. सीतेची आसवे या नाजूक नावाची वनस्पतीही कीटकभक्षी आहे. तिचे सापळे मात्र चिखलात दडलेले असून अगदी सूक्ष्म पिशव्यांच्या रूपाचे असतात. पाण्यातील बारीक जीव त्यांत ओढले जातात. पावसाळी भाजी म्हणून खेड्यापाड्यांत परिचित असलेल्या कवल्याचे भाऊबंदही सड्यावर पिवळ्या फुलांनी डवरतात. ते द्विदल कुळातील असल्याने भुईमूग किंवा उडीद यांच्याप्रमाणे मुळांवरील गाठींच्या द्वारे हवेतील नत्र मिळवतात.

वायतुऱ्याची रीत आणखी निराळी आहे. त्याचा कंद उन्हाळाभर कातळाच्या खळग्यात निद्रिस्त असतो आणि पहिल्या पावसात जागा होऊन उथळ पाण्यात पाने व दोन शिंगांसारखा तुरा वर काढतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा गुंफलेला आहे. टोपली कारवी तर वर्षानुवर्षे नुसती पानांनी वाढत राहते आणि सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. तेरडा, सोनकी व गेंद यांपैकी बहुतेक वनस्पती हंगामी आहेत. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हा सारा संसार त्यांना पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत उरकावा लागतो. बी धरण्यापूर्वी रोप तुडवले गेले, तर पुढील वर्षीचे बियाणेच बुडाले असे समजावे.

गुरे, गवत आणि कुंपण

हा सडा निर्जन कधीच नव्हता. कास, एकीव, आटाळी, कासाणी आदी परिसरातील गावांची गुरे पिढ्यान् पिढ्या येथे चरत आली. जागतिक वारशाच्या घोषणेनंतर मात्र प्रेक्षकांची गर्दी एकाएकी वाढली. सुट्टीच्या दिवशी हजारो लोक फुलांत शिरू लागले. मोटारी सड्यावर चढू लागल्या. छायाचित्रांसाठी फुलांच्या ताटव्यात लोळणारेही निघाले. तेव्हा पठाराच्या काही भागाला तारेचे कुंपण घालण्यात आले. हेतू उत्तम होता, परंतु त्या कुंपणाने माणसांबरोबर गुरेही बाहेर राहिली.

त्यानंतर जाणकारांच्या लक्षात आले की कुंपणाच्या आत फुलांचे ताटवे विरळ होऊन गवत माजू लागले आहे. गुरे चरत असताना उंच गवत आपोआप आटोक्यात राहत असे आणि त्याच्या पायथ्याशी लहान रोपांना ऊन मिळत असे. चराई थांबताच गवत वाढले, वाळले, तेथेच कुजले आणि त्याच्या दाट आच्छादनाखाली लहान रोपे दडपली गेली. ज्या गुराख्याला फुलांचा शत्रू मानले गेले, तो नकळत त्यांची निगराणी करीत होता, असे म्हणण्याची पाळी आली. स्थानिक ग्रामस्थ व निसर्गाभ्यासक यांनी हा मुद्दा लावून धरला आणि काही वर्षांनी ते कुंपण काढण्यात आले.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. माणसाचे पाऊल फुलांना मारक असेल, तर गुराचे खूर मारक का नाहीत? उत्तर प्रमाणात आहे. गुरे विस्तीर्ण माळावर पांगून, चालत चालत चरतात आणि एका जागी ठाण मांडत नाहीत. उलट प्रेक्षकांची गर्दी नेमकी बहराच्या चार-सहा आठवड्यांत आणि नेमकी रस्त्यालगतच्या त्याच त्या जागी हजारो पावलांनी पडते. मर्यादित चराई हा सड्याच्या जीवनक्रमाचा भाग आहे. गर्दीचे तसे नाही. अर्थात अतिरेकी चराई सड्यालाही सोसणार नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे.

पाहुण्यांचा महिना

फुलांमुळे गावांना उत्पन्न मिळू लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. परिसरातील गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या वनविभागाच्या सहकार्याने हंगामाची व्यवस्था पाहतात. प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी, वाहनतळ, स्वच्छता व मार्गदर्शन ही कामे त्यांत येतात आणि गावातील तरुणांना हंगामात रोजगार मिळतो. एकेकाळी रोजगारासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या या डोंगरी भागात त्याचे महत्त्व थोडे नाही.

तथापि बहर असतो ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत गावाला आधार असतो तो शेतीचा, गुरांचा आणि पाण्याचा. म्हणून सड्याच्या कडेला इमारती उभारून महिनाभराच्या पाहुण्यांवर सर्व भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. नाचणीची भाकरी, हातसडीचा तांदूळ व रानभाज्या यांचे जेवण आपल्या राहत्या घरी देणे, मध व नाचणीचे पदार्थ नीट बांधून विकणे, सड्याची माहिती सांगणारा वाटाड्या म्हणून काम करणे, असे उद्योग कमी भांडवलाचे असून जमिनीला धक्का लावीत नाहीत. शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. फुलांचा डोंगर न मोडता त्यातून उत्पन्न कसे काढावे, याचे हे जवळचेच उदाहरण होय.

पाण्याचा विचार तर अधिक व्यापक आहे. कास तलावाचे पाणी सातारा शहराला मिळते. उरमोडी नदीचा उगमही याच परिसरात असून, परळी खोऱ्यातील धरणात अडवलेले तिचे पाणी माण व खटाव या अवर्षणप्रवण तालुक्यांच्या शिवारापर्यंत नेले जाते. माणदेशातील शेतकऱ्याने कासचे फूल कदाचित कधीच पाहिले नसेल, पण त्या माथ्याशी त्याचे नाते आहे. माथ्यावर कचरा, सांडपाणी व बांधकामे वाढली, तर त्याचा परिणाम खालच्या खोऱ्यापर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही.

कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी

कासचा धडा केवळ कासपुरता नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत असे अनेक सडे आहेत. बोडका माळ दिसला की तेथे वृक्षारोपण करावे, असे उत्साही कार्यकर्त्यास वाटते. ही भावना चांगली असली, तरी सड्यावर ती उपयोगी नाही. कातळ फोडून, बाहेरून माती आणून लावलेली झाडे सावली धरतात. त्यांचा पालापाचोळा कुजून माती सकस होते, आणि सकस मातीत गवत व तण माजून मूळची फुले नाहीशी होतात. वृक्षारोपणासाठी गावालगतच्या उताराची, ओढ्याकाठची व बांधावरची जागा निवडावी. सडा मोकळाच ठेवावा.

त्याचप्रमाणे सड्यावरील उथळ डबकी खोल करून तेथे शेततळे घेऊ नये. वायतुरा व कुमुदिनी यांचे घर म्हणजे ही उथळ डबकीच होत. सड्यावर वणवा लागू देऊ नये. चराईचे नियम ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने ठरवावेत आणि ते ठरवताना गुराख्यांचा अनुभव अवश्य विचारात घ्यावा. कोणत्या खळग्यात कोणते फूल केव्हा येते, हे पुष्कळदा त्यांनाच अधिक ठाऊक असते.

ज्यांना कुटुंबासह किंवा शाळेच्या सहलीबरोबर कास पाहावयाचे असेल, त्यांनी आगाऊ नोंदणी करावी व शक्यतो सुट्टीचा दिवस टाळावा. आखून दिलेल्या वाटेनेच चालावे. फूल तोडू नये, रोप उपटून नेऊ नये, सोबत नेलेला कागद व प्लास्टिक परत आणावे. मुलांना दवबिंदूचे पान वाकून पाहण्यास सांगावे. नत्राचा धडा पुस्तकापेक्षा तेथे लवकर उमजतो. वेळ असल्यास पुढे बामणोलीला जाऊन कोयनेच्या शिवसागर जलाशयाचे दर्शन घ्यावे.

शेतकऱ्याचा धर्म जमीन सुधारण्याचा आहे. दगड वेचून, बांध घालून, खत देऊन त्याने माळरानाची शेते केली, ही त्याची थोरवी आहे. परंतु काही जमिनी अशा असतात की त्यांना जसे आहे तसे राहू देणे हीच त्यांची मशागत होय. आपल्या शिवारातील अशी जमीन कोणती, हे प्रत्येक गावाने एकदा पावसाळ्यात माळावर जाऊन, खाली वाकून पाहावे. वैशाखात जेथे काहीच दिसले नव्हते, तेथे भाद्रपदात काय उगवते याची नोंद करावी, आणि मगच त्या जमिनीला पडीक म्हणावयाचे की नाही, हे ठरवावे.