उडी मारताना घोड्याला काय दिसतं?

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेला आहात का कधी? नंदुरबार जिल्ह्यातलं, तापीकाठचं हे गाव. इथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि यात्रेसोबत भरतो घोड्यांचा भलामोठा बाजार. पाहाल तिकडे घोडेच घोडे! कुणी दात बघून वय ओळखतंय, कुणी अंगावरचे भोवरे तपासतंय, कुणी रवाल चाल दाखवतंय. मारवाडी घोड्याचे कान तर बघतच राहावेत. टोकं आत वळून एकमेकांना टेकतात!

तिथे एक गंमत करून बघा. आधी मालककाकांना विचारा. मग तळहात अगदी सपाट धरून त्यावर गुळाचा खडा ठेवा. घोडा मान खाली घालेल, पण खडा पटकन उचलणार नाही. त्याचा मऊ ओठ तळहातभर चाचपडत फिरेल, ओठावरचे राठ केस गुदगुल्या करतील आणि मग गूळ गडप!

एवढे टपोरे डोळे असून चाचपडायचं कशाला? कारण नाकाच्या अगदी पुढ्यातलं त्याला दिसतच नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तिरकस मागून दबकत येणारा लांडगाही त्याला दिसतो, तोंडापुढचा गूळ मात्र नाही.

मग असा घोडा भरधाव पळताना कुंपणावरून उडी कशी मारत असेल?

अशा उड्यांच्या शर्यतीला स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. १७५२ साली आयर्लंडमध्ये दोघांनी पैज लावली: बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत आधी कोण पोचतो? अंतर सुमारे ७ किलोमीटर. मनोऱ्याच्या रोखाने घोडा सोडायचा आणि मधे बांध, ओढा, कुंपण जे येईल ते ओलांडायचं!

आज या प्रकारातली सगळ्यांत गाजलेली शर्यत म्हणजे इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल. लिव्हरपूलजवळ एनट्रीच्या मैदानावर ती होते. जवळजवळ ७ किलोमीटर धाव आणि ३० उड्या. १८३९ साली तिथे लॉटरी नावाचा घोडा जिंकला. त्याच शर्यतीत घोडेस्वार कॅप्टन बेचर ओढ्यात पडले आणि बाकीचे घोडे डोक्यावरून जाईपर्यंत तिथेच दबून राहिले. तो अडथळा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रेड रम या घोड्याने तर ही शर्यत तीनदा जिंकली: १९७३, १९७४ आणि १९७७ साली.

आता आपलं कोडं. घोडा कुंपण लांबूनच नीट बघून ठेवतो. जवळ येताना पावलं लहान-मोठी करून उडीची जागा साधतो. अगदी शेवटच्या क्षणी कुंपण नजरेआड होतं आणि तो आठवणीवर उडी घेतो! म्हणूनच कुंपण त्याला लांबून ठळक दिसायला हवं. आपल्याला भडक वाटणारा नारिंगी रंग घोड्याला हिरव्यापासून नीट वेगळा ओळखता येत नाही. हे लक्षात आल्यावर ब्रिटनमध्ये अडथळ्यांवरच्या नारिंगी पट्ट्या पांढऱ्या रंगवल्या.

आणि खाली उतरताना? स्वतःच्या गळ्याखाली हात लावा, दोन आडवी हाडं लागतील. घोड्याला ही हाडं नसतातच. त्याचे पुढचे पाय धडाला स्नायूंनी, झोळीसारखे बांधलेले असतात. उतरताना बसणारा दणका ती झोळी झेलते. तरी सगळाच दणका झेलला जात नाही. या शर्यतींत घोडे पडतात, जखमी होतात, काही दगावतातही. ते वाचून मला फार वाईट वाटतं. हे अपघात कमी व्हावेत म्हणून अडथळे पूर्वीपेक्षा सौम्य केले आहेत आणि २०२४ पासून ग्रँड नॅशनलमध्ये ४० ऐवजी जास्तीत जास्त ३४ घोडे धावतात.

यंदा सारंगखेड्याला जाल तेव्हा गूळ न्यायला विसरू नका. घोड्याजवळ बाजूने जा, म्हणजे तुम्ही त्याला दिसाल. त्याचा कान तुमच्याकडे वळला की समजा, त्याचं लक्ष तुमच्याकडे गेलंय.