काम मिळाले तर निराधारचा पगार जातो का?



या हिवाळ्यात मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही बसलो होतो. मळणी यंत्रात उजवा हात गेलेला एक तिशीचा तरुण समोर होता. आपल्याच वाचकांपैकी एका दुकानदारांनी त्याला अर्धा दिवस माल मोजून देण्याचे काम देऊ केले होते, महिना 4,000 रुपये. तो म्हणाला, "नको ताई. काम केलं की पगार बंद."

त्याचा 'पगार' म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना ते मिळतात. आधी महिना 1,500 होते, ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांसाठी 2,500 झाले. वर्षाचे 30,000. ज्या घरात भात वर्षभर पुरत नाही, तिथे ही रक्कम लहान नाही.

त्याची भीती अर्धी खरी, अर्धी चुकीची. दिव्यांगाने काम करू नये असे ही योजना म्हणत नाही. ती उत्पन्न पाहते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. त्याच्या आत असाल तर काम करा, अनुदान चालू राहते. ती ओलांडली तर अनुदान थोडे कमी होत नाही, सगळेच जाते. अडचण नेमकी इथे आहे.

आम्ही वहीत हिशेब मांडला. बायकोची रोजगार हमी आणि लावणीची मजुरी मिळून घरात वर्षाला 18,000 येतात. अनुदानासह 48,000. आता दुकानाचे 4,000 धरा: वर्षाचे 48,000, घरचे 18,000, म्हणजे उत्पन्न 66,000. मर्यादा ओलांडली, अनुदान गेले, हाती 66,000. तेच काम सकाळचे दोन-अडीच तास, महिना 2,500 रुपयांत केले तर? दुकानाचे 30,000 आणि घरचे 18,000, उत्पन्न 48,000. अनुदान टिकते आणि हाती 78,000 येतात. जास्त राबून 12,000 कमी! आम्ही तीनदा बेरीज केली.

पूर्ण दिवसाचे 8,000 मिळाले असते तर गोष्ट वेगळी. मग अनुदान सोडूनही 1,14,000 होतात. या घरापुरता खड्डा साधारण 2,700 ते 5,000 या पगारांमध्ये आहे, आणि चांगल्या मनाने देऊ केलेली अर्धवेळ कामे नेमकी तिथेच पडतात. प्रत्येक घराचा आकडा निराळा येईल, कारण मोजले जाते ते कुटुंबाचे उत्पन्न. बायको हंगामात वीटभट्टीवर गेली तर तेही त्यात येते.

आणखी एक भीती आम्हाला जास्त खरी वाटते. दुकान चार महिन्यांत बंद झाले तर? अनुदान आपोआप सुरू होत नाही. पुन्हा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, रहिवासी पुरावा, आणि तहसीलच्या फेऱ्या. एका हाताने एसटीचा दांडा धरून जाणाऱ्याला फेरी म्हणजे काय, ते आपण जाणताच.

काही गोष्टी मात्र कामामुळे जात नाहीत, हे पाड्यापाड्यावर सांगायला हवे. दिव्यांग प्रमाणपत्र रद्द होत नाही. एसटीची 75 टक्के सवलत राहते. सरकारी नोकऱ्यांतले 4 टक्के आरक्षण तर काम करू पाहणाऱ्यांसाठीच आहे. 2016 च्या कायद्याने सिकलसेललाही दिव्यांगत्वात धरले आहे, पण आपल्या भागातल्या अनेक घरांनी अजून प्रमाणपत्रासाठी अर्जच केलेला नाही.

कुणी सुचवते, मजुरी रोख द्या, कुठे लिहू नका. आम्ही तसे करत नाही. खोट्या दाखल्याचा भार शेवटी त्याच माणसावर येतो, देणाऱ्यावर नाही. आपण कुणा दिव्यांगाला काम देणार असाल, तर पगार ठरवण्याआधी त्याच्या घरी बसून हीच बेरीज करा. शक्य असेल तर पूर्ण वेळाचे काम, पूर्ण मजुरीने द्या.

दुकानदार हिशेब ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सध्या सकाळचे अडीच तास, 2,500. मोजमाप आणि वही शिकला की पुढच्या वर्षी पूर्ण दिवस, 8,000. तोवर तलाठ्याकडे त्याचे उत्पन्न 48,000 असेच सांगितले जाईल, आणि ते खरे असेल.