न्हाणीचं पाणी कुठं जातं?

वाई असो की वाळवा, सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरात न्हाणी मागच्या अंगाला असायची. खाली घडीव काळा दगड, कोपऱ्यात तांब्याचा बंब, बंबात शेणी नाहीतर उसाची चिपाडं, आणि भिंतीतल्या भोकातून बाहेर पडणारं पाणी सरळ अळूच्या वाफ्यात. झाडलोट, बंब पेटवणं, पाणी भरणं, धुणीभांडी, सारवण ही निम्मी घरकामं न्हाणीच्याच आसपास, आणि सगळी बायकांच्या अंगावर.

पुढं नळ घरात आला, बंबाच्या जागी गिझर आणि सोलर आले, दगडावर चकचकीत टाइल्स चढल्या. पाण्याचा वापर वाढला, परस मात्र आखडलं. जे पाणी अळूला पुरत होतं ते गल्लीत साचायला लागलं आणि डासांची सोय झाली. आज बाथरूम नवं करायला निघालेलं घर आधी टाइल्सचा रंग ठरवतं. माझं म्हणणं असं, की आधी मागचं दार उघडून पाणी कुठं मुरणार ते बघावं. बाथरूमचं बरंवाईट तिथंच ठरतं.

पाणी मुरवायचं काम घरच्या घरी करता येतं, आणि आपल्या हातानं काम करायची शिकवण या मुलखाला नवी नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेल्या बोर्डिंगात मुलं स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत सगळं स्वतः करत. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, २०००-०१ मध्ये, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आधी काम, मग बक्षीस, अशी त्याची रीत. लोकांनी स्वतः कुदळ-फावडी घेऊन गटारं साफ केली, सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे खणले. कोरेगाव तालुक्यातलं धामणेर, माणमधलं लोधवडे ही नावं या अभियानामुळं गावोगाव पोचली.

शोषखड्डा दोन माणसं सुट्टीच्या दिवशी करू शकतात. मीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. तळाला मोठे दगड, वर मध्यम, त्यावर बारीक. मधोमध बुडाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या. साबणाचा मळ, केस, खरकटं शेंड्यांत अडकतं आणि दगडांत फक्त पाणी उतरतं. शेंड्या बदलायला विसरलात तर खड्डा तुंबतो. तेव्हा हे कामही रोजच्या झाडलोटीच्या यादीत धरावं.

माती मात्र ओळखली पाहिजे. माण-खटावच्या मुरमात पाणी चटकन मुरतं. पण तिथं बादलीबादलीचं मोल आहे, म्हणून ते आधी पपई, केळी, शेवग्याला द्यावं आणि उरलेलं खड्ड्याला. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथं खड्डा मोठा घ्यावा आणि कडेनं वाळूचा थर द्यावा. शौचालयाला मात्र वेगळे दोन खड्डे हवेत. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला वर्षभर झाकून ठेवला की आत खतासारखी कोरडी माती तयार होते. विहिरीपासून खड्डे लांबच ठेवावेत.

मग आतलं काम. फरशी उखडायची, जुना चुना-सिमेंट खरवडायचा, पाणी बाहेर जाणाऱ्या नाहणी ट्रॅपकडे फुटाला पाव इंच तरी ढाळ द्यायचा. गवंड्याकडं असते तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली की ढाळ कुणालाही मोजता येतो. वॉटरप्रूफिंग झाल्यावर ट्रॅप बोळ्यानं बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवावं. खालच्या भिंतीला ओल आली नाही, तरच टाइल्स बसवाव्यात. टाइल बसली की बोटाच्या पेरानं ठोकावी; पोकळ आवाज आला तर लगेच काढून पुन्हा लावावी. घरात म्हातारी माणसं असतील तर खरबरीत टाइल आणि भिंतीला पक्का दांडा हवाच. विजेचं काम मात्र स्वतः करू नये. गिझरची अर्थिंग जाणकाराकडूनच करून घ्यावी. नळाची उंची, बादलीची आणि धुण्याच्या दगडाची जागा घरातल्या बाईला विचारून ठरवावी, कारण दिवसातून दहा वेळा वाकणारी ती असते.

सांगलीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट गाठले. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा वेळी घाण पाणी पाइपातून उलटं चढून शौचालयाच्या भांड्यातून घरात येतं. म्हणून पूररेषेतल्या घरांनी शौचालयाचा चौथरा उंच करावा, बाहेरच्या पाइपाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवावी, आणि ती झडप पावसाळ्याआधी उघडून धुवावी. टाइल्स थोड्या स्वस्तातल्या घेतल्या तर या झडपेचा खर्च त्यात निघतो.