गल्ल्यावरचे शेट्टी अण्णा नेमकं बोलतात काय?

नाशिकमध्ये कॉलेज रोडला असो की द्वारकेला, इडली-डोसा खाताना गल्ल्यावरून ‘एंच उल्लर?’ असं कानावर पडलं, तर ते कन्नड नाही बरं का. ती तुळू. अण्णा फोनवर गावच्या कुणाची तरी खुशाली विचारत असतात.

तुळू ही स्वतंत्र द्राविडी भाषा. मंगळूर, उडुपी आणि केरळातलं कासरगोड हा तिचा मुलूख, म्हणजेच तुळुनाडू. २०११च्या जनगणनेत सुमारे साडेअठरा लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. शेट्टी, रै, हेगडे आडनावांचे बंट, बिल्लव, मासेमारी करणारे मोगवीर असे बरेच समाज ती बोलतात. मात्र प्रत्येक ‘उडुपीवाला’ तुळूच बोलत असेल असं नाही. काहींच्या घरी कोकणी चालते.

या समाजांचं महाराष्ट्राशी नातं जुनं आहे. मुंबईत मोगवीरांची संस्था १९०२ची, बंट संघ १९२७चा. दिवसा हॉटेलात काम आणि रात्री नाइट स्कूल, अशी एक अख्खी पिढी तिथे घडली.

मला सगळ्यात भारी वाटते ती तुळुनाडूतली ‘अळियसंतान’ पद्धत. तीत वंश आईकडून मोजायचा आणि वारसा मामाकडून भाच्याकडे जायचा! भूतकोला या दैवतविधीत गायली जाणारी ‘पाड्दन’ ही कथागीतं तुळूतलीच. ‘कांतारा’त दिसतो तो हाच विधी, फक्त सिनेमा कन्नड.

भाषेला आठव्या अनुसूचीत अजून जागा नाही. जुन्या तुळू-तिगळारी लिपीला मात्र २०२४मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली.