हार्ड डिस्क निकामी होताना

हार्ड डिस्कमधील माहिती चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्यांवर साठवलेली असते. घरगुती संगणकात या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून वाचन-लेखन करणारे हेड हवेच्या थरावर तरंगत असते. माणसाचा केस या फटीपेक्षा हजारो पटींनी जाड असतो. चालू डिस्कला धक्का बसला किंवा धुळीचा कण आत शिरला, तर हेड तबकडीवर घासते आणि लेपासोबत माहितीही खरवडली जाते.

बिघाड बहुधा हळूहळू वाढतो. फाइल उघडायला वेळ लागतो, संगणक मध्येच थबकतो, कधी डिस्कमधून टकटक ऐकू येते. डिस्कमधील ‘स्मार्ट’ ही यंत्रणा खराब झालेल्या सेक्टरांची, म्हणजे तबकडीवरील माहितीच्या लहान कप्प्यांची, नोंद ठेवते आणि त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले जातात. अशा बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढू लागणे हे धोक्याचे लक्षण आहे. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली त्रुटी आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पटींनी वाढते, असे तीत दिसले. मात्र निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये ‘स्मार्ट’च्या चार प्रमुख निर्देशकांनी काहीच इशारा दिला नव्हता. म्हणून इशाऱ्याची वाट पाहत बसणे धोक्याचे ठरते.

लक्षणे दिसताच डिस्कवर नवे काही लिहू नये. दुरुस्तीचे प्रोग्रॅम लगेच चालवू नयेत. त्यांनी कमकुवत डिस्कवरचा ताण वाढतो आणि फाइलींची रचनाही बदलू शकते. सर्वांत महत्त्वाच्या फाइली आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. संपूर्ण डिस्कची प्रत हवी असल्यास ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’सारखा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो आधी सहज वाचता येणारा भाग उतरवतो, अडलेले भाग नोंदवून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. टकटक किंवा घासल्याचा आवाज येत असेल, तर डिस्क तत्काळ बंद करावी. ती उघडण्याचे काम धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेचे आहे. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याच्या उपायाने आत दव जमून नुकसान वाढू शकते.

एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती आवाज न करता अचानक बंद पडू शकते. दोन्ही प्रकारांत खरा आधार बॅकअपचाच. त्यासाठी ३-२-१ हा नियम रूढ आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. एक प्रत संगणकापासून सोडवून ठेवलेली असावी, म्हणजे खंडणीखोर व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. नुसते सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इकडे पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते.

घेतलेला बॅकअप तपासणेही तितकेच आवश्यक असते. १९९८ मध्ये पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत एका चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या आणि बॅकअपही सदोष असल्याचे नंतर उघड झाले. गॅलिन सुस्मन या तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे बरेचसे काम वाचले. म्हणून बॅकअपमधील काही फाइली अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. त्या पूर्ण आणि बिनचूक उघडल्या, तरच तो बॅकअप विश्वासार्ह मानावा.