सकाळी ठणठणीत, दुपारी मिसिंग

रामदासपेठेत आमच्या शेजारच्या काकांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवलेली, पस्तिशी ओलांडलेली. सकाळी सातला लेंड्रा पार्ककडून एक चक्कर मारून आणली की इंजिन शिलाई मशीनसारखं चालायचं. पण मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला वर्धा रोडवरच्या डबलडेकर उड्डाणपुलाचा चढ लागला की गचके सुरू. सायलेन्सरमधून एखादा फटाका, पाठोपाठ कच्च्या पेट्रोलचा वास. काका फोनवर सांगायचे, “गाडी मिसिंग करून राहिली,” आणि गॅरेजला नेली की तिथे ती तासभर सावलीत उभी राहायची आणि मग एकदाही चुकायची नाही.

असं तीन वेळा झालं. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ झाला, पेट्रोलचा पाइप नवा आला. यातलं काहीच चुकीचं नव्हतं, पण प्रत्येक काम थंड गाडीवर झालं होतं. कधी येणारा, कधी जाणारा दोष शोधताना पहिला प्रश्न “काय बिघडलं?” हा नसावाच. “केव्हा बिघडतं?” हा असावा. इथे त्याचं उत्तर पहिल्या दिवसापासून समोर होतं: ऊन आणि चढ, दोन्ही एकत्र असताना.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. ठिणगी पडण्याचा क्रम 1-3-4-2. मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस, म्हणजे एकूण शंभर ठिणग्या पडतात. त्यातली एक हुकली तर त्या सिलिंडरमधलं मिश्रण न जळताच बाहेर जातं आणि क्रँकशाफ्टला त्या वेळचा धक्का मिळत नाही. तो निमिषभर मंदावतो. आजच्या गाड्यांत क्रँकवर दात्यांचं चाक असतं. एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंत लागणारा वेळ सेन्सर मोजतो आणि कोणत्या सिलिंडरने दगा दिला हे संगणकाला कळतं. जुन्या गाडीत हे काम मिस्त्रीचा कान करतो. मोजतो दोघेही तेच, लयीतला खंड.

चौथा मिस्त्री म्हणाला, “काका, गाडी आणू नका, मीच येतो.” माझ्या मते दुरुस्ती या वाक्यापाशीच अर्धी झाली. दुपारी दोनला तो काकांच्या शेजारी बसून पुलावर गेला, गचके खाल्ले, उतार संपताच गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं.

इंजिन चालू ठेवून त्याने रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. एखादाच सिलिंडर आजारी असेल तर त्याची वायर काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, कारण तो मुळात कामच करत नसतो. इथे प्रत्येक वायर काढल्यावर इंजिन सारखंच अडखळलं. म्हणजे चौघेही काम करत होते आणि चौघेही अधूनमधून चुकत होते. वेगवेगळे चार प्लग किंवा चार वायरी एकाच दुपारी बिघडत नाहीत. दोष चौघांच्या सामायिक वाटेवर होता: एक तर पेट्रोल, नाही तर ठिणगी जिथे तयार होते ती जागा.

नागपुरात पेट्रोलवर संशय आधी जातो आणि त्याला कारणही आहे. 23 मे 2013 ला इथे 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं. अशा हवेत बॉनेटखालच्या पंपात पेट्रोलची वाफ होते. द्रव ओढणारा पंप वाफेपुढे हतबल होतो आणि इंजिन उपाशी राहतं. जुने पद्मिनीवाले त्यावर पंपाला ओलं फडकं गुंडाळायचे. फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं. माठ थंड राहतो तसंच. मिस्त्रीने फडकं गुंडाळलं, दहा मिनिटं थांबून पुन्हा पूल चढवला. गचके तसेच. एक संशयित सुटला.

उरली ठिणगी. बॅटरीचे 12 व्होल्ट प्लगपाशी हजारो व्होल्ट होऊन पोहोचतात. ही युक्ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने 1910 च्या कॅडिलॅकसाठी बसवून दाखवली. त्याच्या कंपनीचं लघुनाम डेल्को; आपल्याकडे जुने मिस्त्री आजही डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. डेल्कोमधले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्क, मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो आणि चुंबकक्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं आणि कॉइलच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात प्रचंड विद्युतदाब उमटतो. क्षेत्र जितकं झटकन कोसळेल तितका दाब मोठा. सगळी मेख या ‘झटकन’मध्ये आहे.

कारण वाहणारा प्रवाह सहजी थांबत नाही. पॉइंट उघडताना तो त्या फटीवरूनच उडी मारू पाहतो. तसं झालं तर क्षेत्र रेंगाळत कोसळतं आणि प्लगपर्यंत जाणारा दाब लुळा पडतो. हे टाळायला डेल्कोला बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर जोडलेला असतो. तो त्या क्षणीचा प्रवाह स्वतःत सामावून घेतो आणि पॉइंटना स्वच्छ उघडू देतो. नागपूरकरांना कंडेन्सर वेगळा सांगायला नको. मे महिन्यात कूलरचा पंखा नुसता गुंगुं करतो, फिरत नाही, तेव्हा इलेक्ट्रिशियन येऊन जी डबी बदलतो, तिचाच हा भाऊबंद. दोघांचाही वैरी उकाडाच.

मग चढावरच का? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण येतं, ते जास्त दाबलं जातं. दाट झालेल्या वायूतून ठिणगी न्यायला अधिक व्होल्ट लागतात. फ्रीडरिक पाशेनने 1889 मध्ये वायूतल्या ठिणगीचा हा नियम मांडला. सपाट रस्त्यावर अशक्त ठिणगीही भागवून नेते. चढावर तिचं पितळ उघडं पडतं.

गाडी गरम असतानाच मिस्त्रीने डेल्कोचं झाकण काढलं, स्विच चालू ठेवून पॉइंट हलकेच उघडले. फटीत निळसर पांढरी, जाड ठिणगी लखलखली. जिथे जेमतेम दिसायला हवी तिथे एवढी! पॉइंटांची तोंडंही जळून काळवंडली होती. त्याने खिशातला नवा कंडेन्सर वायरीने बाहेरूनच जोडला, बाकी कशालाही हात लावला नाही. पुन्हा पॉइंट उघडले: फटीत बारीकसा टिपका. पॉइंट घासून, फट नीट लावून, झाकण बसवून आम्ही तिघे पुलावर गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून. एकही गचका नाही.

जुना कंडेन्सर मी मागून घेतला. घरी मीटर लावला, तर 0.22 मायक्रोफॅरॅड, अगदी निरोगी. मग त्यावर केस वाळवायचा ड्रायर धरला. दोन मिनिटांत आकडा थरथरला, खाली आला, शून्यावर गेला. आत कुठेतरी तापून जोड सुटत होता. ड्रायर बंद करून तो पंख्याखाली ठेवला आणि पाण्याचा ग्लास घेऊन परत आलो, तेव्हा मीटरवर पुन्हा 0.22 होते.